न दिसणारी जखम

एप्रिल २०२१ मधील नागपूर ज्यांनी पाहिले, त्यांना ते विसरणे शक्य नाही. मेडिकल व मेयो येथे एका खाटेसाठी आप्तेष्टांची वणवण चालली होती. घाटांवर अंत्यसंस्कारासही ताटकळावे लागत होते. ती लाट ओसरली, नगर पूर्ववत् गजबजले. परंतु त्या दिवसांत ज्या परिचारिका, डॉक्टर, रुग्णवाहिकांचे चालक, सफाई कामगार व घाटांवरील कर्मचारी आपल्या जागेवरून हलले नाहीत, त्यांच्या मनांवर काय गुदरले याची विचारपूस कोणी केली काय?

श्रमाने थकलेले शरीर विश्रांतीने सावरते. हतबलतेने झालेली जखम तशी भरत नाही. प्राणवायू एकास द्यावा तर दुसऱ्यास नाकारावा लागतो, मरणाऱ्याचे अखेरचे शब्द नातलगांऐवजी आपल्याच कानी पडतात, घरी परतल्यावर पोटच्या मुलास जवळ घेण्याचीही धास्ती वाटते. हे ज्याने महिनोन्‌महिने सोसले, त्याची झोप उडावी, रुग्णवाहिकेच्या भोंग्याने त्याने दचकावे, यात नवल नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या अनेक सैनिकांची अशीच अवस्था भित्रेपणा समजली गेली होती. ती चूक आपण पुन्हा करू नये.

शासनाने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणत नाही. मार्च २०२० मध्ये आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांचे विमाकवच जाहीर झाले. एप्रिलमध्ये त्यांच्यावरील हल्ल्यांविरुद्ध वटहुकूम निघाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलि-मानसची १४४१६ ही दूरध्वनिसेवा सुरू झाली. तथापि, मृत्यूची भरपाई होते, हल्लेखोरास शिक्षा होते. जो जगला पण आतून खचला, त्याने मात्र स्वतःच मदत मागावी, अशी ही व्यवस्था आहे. मनोरुग्णालयाची पायरी चढणे जेथे अद्याप लांच्छन मानले जाते, तेथे असे मागणारे कितीसे निघणार?

ते त्यांचे कर्तव्यच होते, असे काही म्हणतील. होते खरे, म्हणूनच ते करवून घेणाऱ्यांवर त्याच्या परिणामांची जबाबदारी येते. शासकीय रुग्णालयांनी व महानगरपालिकेने या सर्वांची, कंत्राटी सेवकांसह, मानसिक तपासणी स्वतः होऊन व गुप्तता राखून करावी. उपचारार्थ पगारी रजा द्यावी आणि तिचे कारण सेवापुस्तिकेत नोंदवू नये. साथ पुन्हा आली तर आपण याच माणसांना हाक मारणार आहोत. ती हाक मारण्याचा अधिकार आजच मिळवावयास हवा.