अंगठ्याची साक्ष काढा

शस्त्रक्रियेआधी नातेवाईक डॉक्टरांना विचारतात, भूल नीट चढेल ना? ती पुरती उतरली हे कशावरून ठरवणार, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत रुग्णाला नुसतं झोपवून भागत नाही. व्हेक्युरोनियम, अॅट्राक्युरियम अशी औषधं देऊन स्नायू सैल करावे लागतात. श्वासाचे स्नायूही त्यात आलेच, म्हणून तेवढा वेळ यंत्र श्वास देतं. माँट्रियलच्या हॅरोल्ड ग्रिफिथ यांनी १९४२ साली क्युरारे वापरलं, तेव्हापासून ही पद्धत रुळली. शेवटी हा परिणाम उलटवणारं औषध देऊन घशातली नळी काढतात. त्या वेळी ताकद अर्धवटच परतलेली असेल, तर रुग्ण डोळे उघडतो, हाकेला ओ देतो, पण गिळणं जमत नाही. घशातला स्राव श्वासनलिकेत उतरतो, ऑक्सिजन खाली येतो.

हे ओळखायचा मार्ग मनगटात आहे. करंगळीच्या बाजूने जाणाऱ्या अल्नर नसेवर दोन इलेक्ट्रोड चिकटवायचे आणि अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने विजेचे चार झटके द्यायचे. प्रत्येक झटक्याला अंगठा आत ओढला जातो. औषधाचा अंमल शिल्लक असेल तर ही ओढ क्षीण होत जाते; अंमल गाढ असेल तर चौथी उमटतच नाही. चौथ्या ओढीला पहिलीने भागायचं. लिव्हरपूलमध्ये हसन अली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या सुमारास मांडलेली ही 'ट्रेन ऑफ फोर' पद्धत. औषध देण्याआधीची नोंद नसली तरी अडत नाही, कारण पहिली ओढच माप ठरते. मला हे फार सुंदर वाटतं.

गुणोत्तर किमान ०.९ झाल्याशिवाय नळी काढू नये, असं आज मानलं जातं. पण ०.४ च्या पुढे गेलं की चार ओढींमधला फरक सरावलेल्या हातालाही जाणवत नाही, डोळ्यालाही दिसत नाही. म्हणजे धोक्याचा अर्ध्याहून मोठा पट्टा अंदाजाच्या हातून निसटतो. पाच सेकंद डोकं उचलून धरायला सांगण्याची जुनी चाचणीही पुरेशी नाही. अंमल बाकी असलेले कितीतरी जण तीत पास होतात. हात चादरीखाली असला की इलेक्ट्रोड डोळ्याजवळ लावतात, तेही फसवं, कारण भुवईचे स्नायू अंगठ्याआधी सावरतात. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच अंगठा आणि आकडा दाखवणारं यंत्र या दोन्हींचा आग्रह धरला.

यंत्राला पैसे पडतात, छोट्या रुग्णालयाला ते जड जातात, हे मान्य. तरीही पल्स ऑक्सिमीटरशिवाय आज आपण भूल देऊ देत नाही. स्नायू सैल करणारं औषध दिलं असेल तर हे यंत्रही त्याच यादीत हवं. अनुभवी डॉक्टरांच्या नजरेबद्दल मला आदर आहे, पण जे नजरेला दिसतच नाही ते अनुभवाने दिसू लागत नाही.

शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा त्यांना नम्रपणे विचारा: "नळी काढण्याआधी अंगठ्याची ताकद यंत्रावर मोजणार ना?"