कोरा अर्ज आणि मारका बैल

मालवणातल्या आमच्या आळीत दिवेलागणीला पूर्वी परवचा ऐकू येई. मध्यंतरी काही वर्षे त्या वेळेला ऐकू येई ती माझ्याच अंगणातल्या मोटारीची डरकाळी! गाडी माझ्या नावावर, हौस पुतण्याची. २००२ सालची होंडा सिटी व्हीटेक. मूळची मोठी गुणी गाडी. पण चिरंजीवांनी तिच्या स्प्रिंगा काढून आखूड घातल्या, मूळचा सायलेन्सर माळ्यावर टाकून मनगट जाईल असा नळकांडा बसविला आणि इंजिनाचा जोर वाढविला. ब्रेक मात्र होते तेच राहिले. पळण्याची सोय झाली, थांबण्याची कोणाला आठवण झाली नाही.

पुढे नोकरीसाठी तो आखातात गेला. गाडी ताडपत्रीखाली खारा वारा खात बसली आणि ती विकण्याचे काम माझ्या गळ्यात आले. त्या निमित्ताने एका नव्याच नीतिशास्त्राशी माझी गाठ पडली.

त्याचे पहिले सूत्र : "जशी आहे तशी विकावी, घेणारा आंधळा आहे काय?" दुसरे सूत्र एका दलालाने शिकविले : "तपासणीपुरता जुना सायलेन्सर चढवा, मग पुन्हा हा लावा." आणि तिसरे सूत्र तर सर्वांच्या तोंडी : "२९ आणि ३० नंबरच्या कोऱ्या अर्जांवर सह्या करून द्या आणि मोकळे व्हा."

मोकळे व्हा! वाचकहो, या दोन शब्दांवरच माझा राग आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. कोरा अर्ज दिला की गाडी या हातातून त्या हातात फिरते. पुस्तकात नाव मात्र आपलेच राहते. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या दाव्यात हेच सांगितले. गाडी २००७ साली विकलेली, पुढे आणखी हातांत गेलेली, अपघात २००९ सालचा. तरी भरपाईची जबाबदारी पुस्तकातल्या मालकावरच आली. कोऱ्या कागदावरची सही म्हणजे सुटका नव्हे. दुसऱ्याच्या पायाला बांधलेला आपला गळफास आहे तो.

आता ते पहिले सूत्र. खासगी व्यवहारात घेणाऱ्याने पारखून घ्यावे, हे मला मान्य आहे. पण आपल्याला ठाऊक असलेला दोष मुद्दाम झाकून ठेवणे याला १८७२ चा करार कायदा कपट म्हणतो. आणि कायदा राहू द्या. आमचे आजे बैल विकताना "मारका आहे हो" एवढे सांगून मग दावे हातात देत. मारका बैल फार तर धन्याला मारील. ही गाडी चौक्याच्या वळणावर शाळेतून येणाऱ्या पोराला मारील. तिची खोड सांगायला आपली जीभ का जड व्हावी?

तरुण म्हणतात, "आजोबा, ही कला आहे, जपानात असेच करतात." कला आहे, हे मी नाकारीत नाही, पुतण्याच्या हातात कसब होतेच. पण त्याच जपानात खासगी मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी होते आणि रचनेतला मोठा बदल तपासून कागदावर चढवावा लागतो. आपण जपानची डरकाळी आणली, शिस्त बंदरातच ठेवली! आपल्याकडेही रंग बदलणे किंवा मान्यताप्राप्त सीएनजी संच बसविणे रीतसर नोंद करून जमते. मात्र कारखानदाराच्या नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असा निकाल २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने दिला. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. तपासणीपुरता सायलेन्सर चढविणारा दलाल त्या वेळी शेजारी उभा राहील काय?

शेवटी कणकवलीकडचा एक मुलगा आईला घेऊन आला. मुलगा आवाजावर भाळला. आईने मात्र पदर सावरीत विचारले, "काकानू, हिची काय खोड आसा ती आधीच सांगा, मागसून नको."

मी सगळे सांगितले. मुलाचे तोंड उतरले. मग माळ्यावरच्या स्प्रिंगा आणि सायलेन्सर उतरवले, मेकॅनिककडून इंजिन पूर्ववत करून घेतले, ब्रेक नवे घातले. तो खर्च माझा. दलालाने तीन लाख सांगितले होते. मला दीड मिळाले. ओरोसला तिघे मिळून गेलो, भरलेल्या अर्जांवर सह्या केल्या आणि पुस्तकात मुलाचे नाव चढल्याची खात्री होईपर्यंत मी पाठपुरावा सोडला नाही. पुतण्या फोनवर रुसला. रुसू दे.

दलाल आजही मला खुळा म्हणतो. उद्या लक्ष्मीपूजनाला वही पुढे मांडीन, तेव्हा तिच्यात दीड लाखाची तूट दिसेल. पण रात्री हायवेवरून एखादी गाडी डरकाळत गेली, तर ती माझ्या नावावर नाही आणि माझ्या खोटेपणावरही चाललेली नाही, एवढे मला ठाऊक आहे. ज्यांच्या कोऱ्या सह्या अजून दलालांच्या खणात पडल्या आहेत, त्यांनी दिवाळीचा फराळ आटोपला की त्या आधी परत मागून घ्याव्यात.