द्राक्षाला दार, कापसाला कुलूप



मागच्या फेब्रुवारीत आम्ही आठजण नाशिककडे एका दिवसाची सहल करून आलो. देवदर्शनाची नव्हे, वाइन चाखण्याची. पैसे ज्याने त्याने खिशातून भरले, हे आधीच सांगतो. नाहीतर पावतीपुस्तकातून मजा मारली अशी आवई उठायला वेळ लागत नाही. आठांतले तिघे माळकरी. त्यांनी पेल्याला हात लावला नाही, पण सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनीच विचारले.

आता या जिल्हा बैठकीत काही सहकारी ठराव आणणार आहेत, की अशा सहलींवर सरकारने बंदी घालावी. माझा त्या ठरावाला विरोध आहे. का, ते सांगतो.

सहल अशी असते. पंधराएक माणसांची टोळी, आमच्याबरोबर मुंबई-पुण्याची काही जोडपी. एक मुलगी आधी बाग दाखवते, मग स्टीलच्या टाक्या, ओकच्या लाकडाची पिंपे, आणि शेवटी टेबल. पाच पेले, प्रत्येकात दोन घोट. पेला फिरवा, वास घ्या, तोंडात घोळवा, गिळायचे नसेल तर बादलीत थुंका. वाइनचे द्राक्ष खायच्या द्राक्षासारखे टपोरे नसते. मणी बारीक, साल जाड, आत बी. त्याला जिब्रेलिकच्या पाण्यात बुडवून फुगवत नाहीत. ती मुलगी जमिनीचा पोत, रात्रीची थंडी, तोडणीच्या दिवशी मण्यात असलेली साखर, हे सारे रंगवून सांगत होती आणि शहरातली माणसे कान देऊन ऐकत होती.

मला आठवला आपला ग्रेडर. तोही कापूस हातात घेऊन ओलावा बघतो, धागा ओढून बघतो, कवडी शोधतो. माहिती तीच, पण आपल्याकडे तिच्यावर कपात लागते. तिथे तीच माहिती तिकीट लावून विकली जाते.

आता हिशेब. ७५० मिलीच्या बाटलीला किलोभर, फार तर सव्वा किलो द्राक्ष लागते. शेजारचा एक बागाईतदार करारावर माल घालतो. त्याने भाव सांगितला किलोला पन्नासच्या आतबाहेर. टेबलावर बाटली सातशे-आठशेची. मधला सगळा पैसा लूट आहे असे मी म्हणणार नाही. टाकी, बाटली, कर, वर्ष-वर्ष माल अडकून पडणे, हा खर्च खराच आहे. पण माल ज्याच्या टाकीत पडतो, भाव त्याचा. क्विंटलभर कापसातून ३४-३५ किलो रुई निघते. तिचे शंभरावर सदरे होतात. आपल्या दारात बसून कुणी कधी सदऱ्याचे पैसे मोजले?

कोरडवाहूत हे जमत नाही, असे साहेब लोक सांगतात. पाणी नाही हे खरे, पण दार बंद होते हे अधिक खरे. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले. विंचूर आणि पलूसला वाइन पार्क, उत्पादन शुल्कात सूट. पुढे विक्रीवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के परत. छान केले. पण त्या साली कापूसवाल्याची स्थिती काय होती? १९७२ पासून एकाधिकार खरेदी. स्वतःचा कापूस सरकारशिवाय कुणाला विकला तर गुन्हा. सीमेपलीकडे गाडी नेली तर चोर. चुकारे महिनोन् महिने लटकलेले. द्राक्षाला टाकी टाकायला अनुदान आणि कापसाला नाक्यावर पोलीस, हे एकाच सरकारचे एकाच वर्षीचे शेतीधोरण होते.

ज्वारीचे नाव मात्र सरकारला एकदा आठवले. २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे १० रुपये अनुदान जाहीर झाले. पावसात काळी पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल म्हणाले. अनुदान कारखान्याला, लिटरवर. ज्वारीच्या क्विंटलवर एक पैसा नाही. परवाने कुणाच्या घरात गेले याची चर्चा तेव्हा वर्तमानपत्रांनी भरपूर केली. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकायचा निर्णय झाला, तेव्हाही पुढे केला तो शेतकरीच. विरोध झाला आणि तो निर्णय बारगळला.

आणि द्राक्षवाल्याचा हेवाही करू नका. २००८-०९ ला मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली. वाइनचा खप बसला. कारखान्यांनी माल उचलला नाही, काहींनी पैसे बुडवले. वाइनचे द्राक्ष बाजारात नेऊन खायला विकता येत नाही. लोकांनी उभे वेल उपटले. टाकी ज्यांची नव्हती, ते आधी मेले.

मायबहिणींचा दारूवरचा राग मला कळतो. आमच्या गल्लीत तो रोज रात्री ऐकू येतो. गावातले दुकान आडव्या बाटलीने बंद करण्याचा त्यांचा हक्क आहे आणि त्याला कुणी धक्का लावू नये. पण नाशिकचे टेबल बंद झाल्याने आपल्या गावचा गुत्ता बंद होणार नाही.

आपल्याकडेही असे टेबल आहे, फक्त दुसऱ्याच्या अंगणात मांडलेले. मार्गशीर्ष-पौषात हमरस्त्यालगतच्या हॉटेलांत हुरडा पार्टी चालते. माणशी शेकडो रुपये घेतात, आणि गुळभेंडी, सुरतीची कणसे आपल्याच शिवारातून किलोवर नेतात. आपण पाहुण्याला हुरडा फुकट घालतो, तो घालूच. गिऱ्हाईक मात्र पाहुणा नव्हे. २०२० पासून राज्याचे कृषी पर्यटन धोरण कागदावर आहे. त्याची नोंदणी हॉटेलवाल्याआधी आपण का करू नये?

म्हणून माझी दुरुस्ती अशी. बंदीची मागणी काढून टाकावी. येत्या पौषात प्रत्येक तालुक्यात एका गावाने, दहा घरांनी मिळून, स्वतःच्या आगटीवर हुरड्याचा दिवस करावा. दर फळ्यावर लिहावा, गल्ला बायकांच्या हातात द्यावा. आणि कापूस जिनवर भाड्याने पिंजून रुई आणि सरकी वेगळी विकण्याचा प्रयोग निदान एका गटाने या हंगामात करावा. हिशेब पुढच्या बैठकीत मांडावा, तोट्यात गेला तरी.

ज्यांना मूळ ठरावच हवा आहे, त्यांनी आपले म्हणणे लेखी आणावे.