व्रत घेतलं, घर सोडलं नाही

इसवी सन 353 च्या सुमारास रोममधल्या संत पेत्राच्या मंदिरात पोप लिबेरियस यांनी मार्सेलिना नावाच्या तरुणीला व्रतस्थ कुमारिकेचं शिरोवस्त्र दिलं. तो ख्रिस्तजन्माचा दिवस होता, असं तिचा धाकटा भाऊ लिहितो. हा भाऊ म्हणजे पुढे मिलानचा बिशप झालेला संत अँब्रोज. बहिणीला उद्देशून लिहिलेल्या ग्रंथात त्याने पोपचं त्या दिवसाचं प्रवचन नोंदवलंय आणि पाठोपाठ तिला प्रेमाने दटावलंयही: आता वय झालं, उपास जरा बेतानं कर.

मार्सेलिना व्रत घेऊनही घरीच राहिली. पुढे मठ वाढले आणि ही रीत मागे पडली. 1970 मध्ये पोप सहावे पॉल यांच्या काळात या व्रताचा सुधारित विधी आला आणि मठाबाहेर राहणाऱ्या स्त्रियांना तो पुन्हा खुला झाला. चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेने 604 व्या कलमात त्यांना स्थान दिलं. समर्पित कुमारिका बिशपच्या हातून शिरोवस्त्र, अंगठी आणि प्रार्थनाग्रंथ घेते. सिस्टरांसारखा झगा नाही, कॉन्व्हेंट नाही. नोकरी करायची, घरभाडं नि वीजबिल आपलं आपण भरायचं आणि रोज ठरलेल्या वेळी स्तोत्रप्रार्थना म्हणायची.

या विधीसाठी चर्च जे दिवस सुचवतं, त्यांत देवाच्या देहधारणेचे सण आवर्जून येतात. यामागे विचार आहे. देवाने माणसाचा देह घेतला, तेव्हा देव आणि मानवजात यांचं लग्न लागलं, असं प्राचीन धर्मपिते सांगत. कुमारिकेची अंगठी त्याच लग्नाची खूण. म्हणूनच नाताळ तिच्यासाठी माहेरचा आणि सासरचा, दोन्हीकडचा सण ठरतो. शिवाय देव आला तो सुताराच्या घरात. राजवाडा त्याने निवडला नाही, मठही नाही. चारचौघांत राहून व्रत पाळणारीला याहून मोठा आधार कोणता?

मग संसारी बाई कमी पुण्याची का, असा प्रश्न कुणी विचारेल. उत्तर संत ऑगस्टीनने देऊन ठेवलंय. मरियेने ख्रिस्ताला उदरात वाहिलं, त्याआधी श्रद्धेने मनात स्वीकारलं, आणि तिची खरी धन्यता तिथे आहे. हे श्रद्धेचं मातृत्व विवाहितेलाही मिळतं. कुमारिका आपल्या आयुष्यातून त्याची सगळ्यांना आठवण देत राहते, एवढंच.

चर्चमधल्या अनेकांच्या हे गळी उतरत नाही. 'पोरंबाळं नाहीत, म्हणजे मोकळीच' असं धरून गोठ्याच्या सजावटीपासून खुर्च्या लावण्यापर्यंतची कामं अशा एकट्या बाईच्या गळ्यात पडतात. कामाला तिची ना नसते. पण तिचं एकटेपण ही भरून काढायची उणीव नाही, तिने ते जाणूनबुजून निवडलंय. नाताळच्या तयारीच्या बैठकीत तिला कामांची यादी देण्याआधी, यंदा प्रार्थना कशी व्हावी हे तिलाच विचारावं. बिशपने साऱ्या मंडळीसमोर तिच्या हाती प्रार्थनाग्रंथ दिलाय, तो उगाच नाही.