कागद आपले, वाचणारे कोण?

दोस्तांनो, 'इतिहास घेऊन पोट भरणार काय?' हा घरचा सवाल खोटा नाही. भूक खोटी नसते. पण हिशेब पुरता मांडा. शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्यांना नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या, १९१८ साली महार वतन मोडलं. त्या दरबारचे कागद कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहेत, बरेचसे मोडीत. मोडी येत नसेल तर आपल्या बापजाद्यांची कहाणी दुसऱ्यानं वाचायची आणि हवी तेवढीच सांगायची! बी.ए. करा, सोबत मोडी शिका. मास्तरकी, स्पर्धा परीक्षा, पुरालेखागार, जमिनीच्या-जातीच्या जुन्या कागदांचं लिप्यंतर. वाटा अरुंद आहेत, पण आहेत. जागांसाठी भांडू. दफ्तराची किल्ली मात्र आता परक्या कनवटीला ठेवायची नाही.