लाल फुलीच्या आधी

आम्ही कारकून माणसे. फाईल उघडली की साहेबांचा लाल शेरा आधी दिसतो, मजकूर नंतर. लांबच्या गर्दीतला निळा झेंडाही आपल्याला असाच आधी दिसतो. एक धाकाने, दुसरा मायेने!

२०११ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एक प्रयोग झाला. पडद्यावर लाल किंवा हिरवे वर्तुळ शोधायचे. एका रंगाला बहुधा जास्त पैसे, दुसऱ्याला कमी. पुढे पैसे बंद झाले. आता रंग सोडून फक्त वेगळा आकार शोधायचा होता. तरीही जास्त पैशांचा रंग मध्ये आला की उत्तराला उशीर होई. सवय सुटली नव्हती. नजर तिकडे ओढली जात होती.

आता घरात पाहू. मुलीच्या वहीत दहा गणिते. सात बरोबर, तीन लाल फुल्या. तिची नजर फुल्यांवर, आपलीही तिथेच. मग आवाज चढतो आणि पोर वही लपवायला शिकते.

वाचकहो, आज वही पाहताना आधी ती सात गणिते बोट ठेवून मोजा. तिलाही मोजू द्या. मग चुकांकडे वळा. चुका झाकायच्या नाहीतच. पण जमलेलेही दिसले पाहिजे.