बेंडमागचे पंचेचाळीस टन

नव्या लाइनवर बेंड सरकला की साइटवर ठरलेले उत्तर मिळते: पाण्याचा वेग जास्त होता. हे निदान बहुतेक वेळा चुकते, आणि मग व्हॉल्व्ह थोडा दाबून ठेवण्यासारखे निरुपयोगी उपाय सुरू होतात.

६०० मि.मी. व्यासाच्या डीआय रायझिंग मेनवरचा काटकोनी बेंड घ्या. दाब चौरस सेंटिमीटरला १० किलो, वेग सेकंदाला दीड मीटर. वळताना पाण्याचा संवेग बदलतो, त्याचा बेंडवर येणारा रेटा जेमतेम ९० किलो. दोन्ही तोंडांवरच्या दाबाचा एकत्रित रेटा मात्र सुमारे ४५ टन! हा हिशेब पाइपाच्या बाहेरच्या, म्हणजे ६३५ मि.मी. व्यासावर करायचा, कारण पुश-ऑन जॉइंटमध्ये गॅस्केट पाइपाच्या बाहेरून बसते. हायड्रो टेस्टला दाब दीडपट केला की तोच आकडा ६७ टनांवर जातो, आणि तेव्हा तर पाणी जागचे हलतही नसते.

वेल्डिंग केलेली एमएस लाइन ही ओढ बऱ्याच अंशी स्वतःच पेलते. पुश-ऑन जॉइंटमधले रबर फक्त गळती रोखते, ओढ घेत नाही. म्हणून सगळी भिस्त थ्रस्ट ब्लॉकवर, आणि खरे तर ब्लॉकमागच्या जमिनीवर. जमीन आडवा रेटा चौरस मीटरला १० टन घेईल असे धरले, तरी टेस्टसाठी ब्लॉकची मागची बाजू पावणेसात चौरस मीटर हवी. काळ्या मातीत एवढीही खात्री नाही. ती भिजली की मऊ पडते, वाळली की आकसून ब्लॉकपासून सुटते. तरीही सगळ्या बेंडना एकच टाइप ड्रॉइंग लावले जाते, चर हवा त्यापेक्षा रुंद खोदला जातो आणि ब्लॉकमागे सुटा मुरूम ढकलला जातो. असा ब्लॉक जागेवर बसेपर्यंत जॉइंट उघडलेला असतो.

मग संवेगाकडे दुर्लक्ष करायचे का? मुळीच नाही. निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून १८९८ मध्ये मांडलेले सूत्र आपल्या रोजच्या कामाचे आहे. दीड मीटर वेगाचे पाणी क्षणात अडले, तर अशा लाइनमध्ये दाब सुमारे १५ किलोने वाढतो. म्हणजे एकूण २५ किलो, आणि त्याच बेंडवर ११० टनांहून अधिक. वीज जाऊन पंप थांबणे आपल्याकडे नित्याचे आहे. उलट फिरलेल्या पाण्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आपटून बंद होतो, तेव्हा या धक्क्याची झळ ब्लॉकलाच बसते. सर्ज अ‍ॅनालिसिस आणि थ्रस्ट ब्लॉकचे डिझाइन दोन वेगळ्या टेबलांवर होऊन चालणार नाही.

आमचा आग्रह साधा आहे. निविदेच्या नकाशात प्रत्येक बेंड, टी आणि बंद टोकापुढे कोन, टेस्टचा व सर्जचा दाब आणि तिथल्या जमिनीची क्षमता लिहिलेली असावी. ब्लॉक न हललेल्या मातीला भिडवूनच ओतावा, आणि त्याचे क्युरिंग पुरे झाल्याची नोंद पाहिल्याशिवाय पर्यवेक्षकाने टेस्टचा पंप सुरू करू देऊ नये.